एक माणूस वर

हार्म लोरेन्झेनच्या तोंडून जो कोणी 'हो' काढून दाखवेल, त्याला मोम्मे पोस्टमन बिअर पाजणार होता. सात वर्षं झाली, ती बिअर काही कोणाच्या घशाखाली उतरली नाही. मोम्मे स्वतःही रोज सकाळी तराफ्यावर सायकल चढवताना खडा टाकून बघायचा. "आज सोमवार ना रे हार्म?" हार्म आधी त्याच्या टपालाच्या पिशवीकडे बघायचा, मग चर्चच्या घड्याळाकडे, आणि सावकाश म्हणायचा, "सोमवारच." त्यात 'हो' कुठेच नसायचं.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, एवढं सगळ्यांना कळत होतं. दूध कुठलं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. लढाईवरून परत आलेल्यांच्या खोडी आमच्याकडे कोणी मनावर घेत नसे. एक जण बूट घालूनच झोपायचा. एकाच्या हातातला घास विमानाचा आवाज आला की खाली पडायचा. हार्म 'हो' म्हणत नाही, तर न म्हणो. लग्नाच्या वेळी नोंदणी अधिकाऱ्याने विचारलं, ही विब्के तुला बायको म्हणून मान्य आहे का? तेव्हाही याने मान वळवली, तिला टोपीपासून बुटापर्यंत नीट बघितलं आणि म्हणाला, "आहे. इथेच उभी आहे." अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला आणि कागदावर जे लिहायचं ते आपल्या मनाने लिहिलं. विब्के ही गोष्ट हसत हसत सांगायची. सांगून झाली की ते हसू फार वेळ टिकायचं नाही.

तराफा हार्मच्या बापाचा, त्याच्या आधी आजाचा. उत्तर जर्मनीतली ही श्लाय खाडी आमच्या गावापाशी इतकी अरुंद होते की पलीकडच्या कुरणातली गाय कोणाची ते ओळखू येतं. या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यात साखळी टाकलेली आहे. ती लाकडी आकड्यात धरायची, अंग मागे टाकून ओढायची, की तराफा पुढे सरकतो. पैलतीरी घंटा वगैरे काही नाही. ज्याला यायचंय त्याने धक्क्यावर उभं राहून हाळी द्यायची, "होल ओव्हर!" म्हणजे पलीकडे न्या. हाळी ऐकू आली की नावाड्याने असेल तसं निघायचं, हा या धंद्याचा धर्म. हार्मचा बाप तापाने फणफणलेला असतानाही निघायचा.

हार्म तर न दिलेल्या हाळीलाही निघायचा. खाडीवर धुकं उतरलं की हमखास. जेवता जेवता चमचा खाली ठेवायचा, कान द्यायचा, टोपी चढवायची आणि बाहेर. पैलतीरी रिकाम्या धक्क्याला तराफा लावून दहा मिनिटं उभा राहायचा आणि तसाच परत यायचा. "आमचा हार्म धुक्याला फिरवून आणतो," असं मोम्मे म्हणायचा. पहिल्या वर्षी विब्केने विचारलं होतं, कोण होतं पलीकडे? कोणी नाही, म्हणाला. मग गेलास कशाला? हाक आली, म्हणाला. तिला कसलीच हाक आली नव्हती. दुसऱ्या वर्षापासून तिने विचारणं सोडलं. तो उठला की ती मुकाट्याने त्याच्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घालायची.

हार्म चौदाव्या वर्षी खलाशी म्हणून मालवाहू जहाजावर गेला आणि चढत चढत अधिकारी झाला. लढाई लागली तशी नौदलाने त्याला उचलून पाणबुडीच्या शाळेत घातलं. दोन वर्षं त्याने दुसऱ्याच्या हाताखाली काढली. बेचाळीसच्या हिवाळ्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याच्या हाती स्वतःची पाणबुडी आली आणि तिच्यातली पन्नास माणसं. पाणबुडीचा कमांडर कितीही कोवळा असो, माणसं त्याला 'म्हातारा' म्हणतात. या म्हाताऱ्याला सफरीवर सहा आठवडे वाढवूनसुद्धा धड दाढी येत नव्हती.

त्याने तीन सफरी केल्या, दोन जहाजं बुडवली. पहिल्या जहाजाच्या होड्या रात्रीच्या अंधारात पाण्यावर दिसल्या, तेव्हा त्याने त्यांना किनारा कोणत्या दिशेला आहे ते ओरडून सांगितलं. दुसऱ्या जहाजाच्या होड्या दिसल्याच नाहीत. त्या कामगिरीबद्दल छातीला लावायला एक लोखंडी क्रॉस मिळाला. तो आता विब्केच्या बटणांच्या डब्यात पडलेला असायचा. सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे: त्या जहाजांवरची माणसं हार्मला हाका मारत नसत. त्यांचे चेहरे त्याने कधी पाहिलेच नव्हते. हाक यायची ती एकट्या आल्विन क्रूझची, त्याच्या स्वतःच्या आचाऱ्याची. इतकी माणसं आपण पाण्यात घातली आणि आपल्याला एकच कसा छळतो, या विचाराने हार्मला स्वतःचीच भीती वाटायची.

आल्विन पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावचा, बेकरी चालवणाऱ्या विधवेचा मुलगा. अंगाने रुंद, बोलायला सावकाश. हातभर रुंदीच्या स्वयंपाकघरात तो पन्नास जणांचं रांधायचा आणि कोणाचा वाढदिवस असला की बुरशी आलेल्या पिठातूनही केक काढून दाखवायचा. पाणबुडीवर एक नियम असतो. पाण्यावर असताना कोणाला वर मोकळ्या हवेत यायचं असेल, तर शिडीच्या तळाशी उभं राहून विचारायचं, "एक माणूस वर येऊ का?" वरून 'हो' आल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. वर किती माणसं आहेत ते वरच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात असावं लागतं, कारण विमान दिसलं की अर्ध्या मिनिटात सगळ्यांना आत घेऊन बुडी मारायची असते. बाकीचे घाईघाईत नुसतं "वर?" असं म्हणायचे. आल्विन पूर्ण वाक्य म्हणायचा. एकेक शब्द सुटा, मास्तरांनी उभं केल्यासारखा. त्याची सगळे नक्कल करायचे.

वर, पाणबुडीच्या पाठीवरच्या टॉवरच्या मागच्या बाजूला कठड्याचा एक सज्जा होता. घरामागे कुंड्या ठेवायला काचघर असतं ना, त्याचं नाव माणसांनी त्या उघड्या, ओल्या लोखंडाला दिलं होतं. स्वयंपाक चुलीवर चढला की आल्विन सिगारेट ओढायला काचघरात जायचा.

त्रेचाळीसचा जुलै, बिस्केचा उपसागर, दुपारचे तीन. चार पहारेकरी चार दिशांना दुर्बिणी लावून उभे होते आणि पाचवा हार्म. त्याच्या हातात नुकताच आलेला बिनतारी संदेश होता, मार्ग बदलण्याचा. तो ते आकडे दुसऱ्यांदा वाचत असताना खालून आवाज आला, "एक माणूस वर येऊ का?"

हार्मने कागदावरची नजर न काढता म्हटलं, "हो."

आल्विन त्याच्या पाठीमागून काचघरात गेला असणार. हार्मने वळून पाहिलं नाही. सहा-सात मिनिटांनी सूर्याच्या अंगाने विमान आलं. आरोळी झाली, चारही पहारेकरी शिडीच्या तोंडावरच्या झाकणातून एकामागून एक खाली घसरले. नियमाप्रमाणे हार्म शेवटचा. चार डोकी आत गेलेली त्याने मोजली, आणि त्याच्या डोक्यात चारच होती. तो आत आला, झाकण ओढलं, चाक फिरवलं, "झाकण बंद!" असं ओरडला. पाणबुडीने नाक खाली घातलं होतं.

तेव्हा झाकणावर थाप पडली. एक. मग दुसरी. मग तिसरी. ठोसे नव्हते ते. दार वाजवून आत येऊ का म्हणणाऱ्या माणसाच्या त्या थापा होत्या, सावकाश, सुट्या सुट्या. मग वरून पाणी गेलं आणि दुसरं काही ऐकू आलं नाही.

चाक उलटं फिरवायला वेळ होता की नव्हता, हे हार्मने स्वतःला पुढे हजारदा विचारलं. नव्हता, असं कोणताही खलाशी सांगेल. टॉवरमध्ये सुकाणू धरून बसलेल्या माणसाने सगळं ऐकलं होतं, विचारलेलं आणि 'हो' म्हटलेलंही. त्याने मान वर करून हार्मकडे पाहिलं. मग बॉम्ब पडायला लागले आणि तासभर कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बॉम्ब थांबले, तसा पाणबुडीभर करपल्याचा वास सुटला. कोणीतरी वैतागून ओरडलं, "आल्विन, सूप लागलं बघ तुझं!" आल्विनचं उत्तर आलं नाही. माणसांना कळलं ते असं.

दिवस मावळताना वर येऊन त्यांनी शोधलं. समुद्र स्वच्छ होता. हार्मने रोजनिशीत लिहिलं: 'आचारी क्रूझ परवानगीशिवाय टॉवरवर गेल्याने बुडाला.' सगळं वाक्य खरं, एक शब्द खोटा. चौकशी होईल, पाणबुडी हातची जाईल, याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की म्हातारा माणसं विसरतो हे खाली कळलं तर उद्या आरोळी झाल्यावर कोण त्याच्या शब्दावर हलेल? मेलेल्याला काय फरक पडतो, अशी त्याने मनाची समजूत घातली. सुकाणूवाल्याने तोंड उघडलं नाही, आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या पाणबुडीसोबत तळाला गेला. हार्मची पाणबुडी गोदीतच बॉम्बखाली मोडली. तो इंग्रजांच्या कैदेत गेला, सत्तेचाळीसला घरी आला आणि बापाच्या साखळीला हात घातला. आता ती गोष्ट जगात एकट्या त्याच्यापाशी उरली होती.

आल्विनच्या आईला त्याने तेव्हाच पत्र लिहिलं होतं. रोजनिशीशी जुळेल असंच लिहावं लागलं, पण गोड शब्दांत: आल्विन सगळ्यांचा लाडका होता, एवढ्या एका बाबतीत त्याने नियम पाळला नाही. लढाई संपल्यावर तिने त्याचा पत्ता शोधून काढला. तेव्हापासून दर डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, तिच्याकडून मसाल्याच्या तपकिरी बिस्किटांचा डबा यायचा. सोबत एक चिठ्ठी, दरवर्षी तीच. 'माझ्या मुलाने तुम्हाला मनस्ताप दिला. आई म्हणून मी माफी मागते. मेटा क्रूझ.' हार्म ती चिठ्ठी वाचून खिशात घालायचा. बिस्किटं विब्के खायची, मोम्मेला द्यायची. तू का खात नाहीस, म्हणाली, तर हार्म दात दुखतो म्हणायचा. डिसेंबरातच दुखणारा दात, अशी विब्केने त्याची थट्टाही केली होती.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पंचावन्नच्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी दुपारी, दाट धुक्यातून हाळी आली. "होल ओव्हर!" हार्म निघाला. पलीकडे कोणी नसणार, असं धरूनच निघाला. धक्क्यावर काळ्या कोटातली एक ठेंगणी म्हातारी हातात पिशवी घेऊन उभी होती.

"लोरेन्झेन साहेब तुम्हीच का?"

"मीच."

"मी मेटा क्रूझ. आल्विनची आई."

हार्मने तिची पिशवी घेतली, तिला बाकावर बसवलं आणि साखळी ओढायला लागला. त्याच्या हातांना दुसरं काही सुचलं नाही. ती दोन गाड्या बदलून आणि बसने आली होती, सकाळीच निघालेली. मधल्या पाण्यात आल्यावर तिने बोलायला सुरुवात केली, समोर धुक्याकडे बघत.

"आमच्या चर्चमध्ये फलक लावतायत. लढाईत गेलेल्या पोरांची नावं. शनिवारी सुतार कोरायला बसणार. मी आल्विनचं नाव दिलेलं नाही."

हार्म ओढत राहिला.

"बाकीच्यांना मरायला पाठवलं होतं, ती मेली. माझा आपल्या बेशिस्तीने मेला. त्यांच्या रांगेत त्याला कुठल्या तोंडाने बसवू? पाद्री म्हणतो, द्या हो बाई नाव. मी म्हटलं, नाही. बारा वर्षं मी त्या पोरावर रागावलेय, लोरेन्झेन साहेब. थडगं नाही, तर रागवायचं तरी कुठे जाऊन? घरातच रागावते." तिने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "पण एक गोष्ट मला गिळता येत नाही. सहा वर्षांचा असताना तो न विचारता बाहेर गेला होता. मी त्याला भट्टीच्या फावड्याने मारलं. त्यानंतर तो पोरगा संडासला जायचं तरी विचारून जायचा. मिशा फुटल्या तरी दुकानाच्या दारात उभा राहायचा, आई, बाहेर जाऊ का? गिऱ्हाइकं हसायची. मग तिथेच त्याने कसं विचारलं नाही? तुम्ही होतात तिथे. मला खरं सांगा. त्याने विचारलं होतं का?"

हार्मचे हात थांबले. तराफा खाडीच्या मधोमध साखळीवर नुसता हलत राहिला. दोन्ही काठ दिसत नव्हते. आधी बघून मग उत्तर द्यायचं, तर इथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"हो," हार्म म्हणाला.

तो शब्द इतक्या वर्षांनी बाहेर आला तो घोगरा आला. म्हातारीने तोंड वळवून त्याच्याकडे बघितलं. मग त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने मध्ये फक्त दोनदा विचारलं. कुठल्या शब्दांत विचारलं होतं, हे आधी. हार्मने ते वाक्य आल्विनसारखंच म्हणून दाखवलं, एकेक शब्द सुटा. त्याला दुसऱ्या तऱ्हेने ते येतच नव्हतं. आणि मग, नंतर त्याचा काही आवाज आला का, हे.

"झाकणावर तीनदा थाप मारली."

"हळू?"

"हळू."

तिने मान हलवली. "दार आपटायचं नाही, हेही मीच शिकवलं." मग म्हणाली, "मला परत न्या."

हार्मने तराफा उलटा ओढला. ती उतरली आणि रस्त्यावरच्या बसच्या बाकावर जाऊन बसली. बस पाचला होती, अजून दोन तास होते. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. तो आपल्या काठाला आला, तेव्हा ती धुक्यात दिसेनाशी झाली होती.

घरात विब्के बटाटे सोलत होती. कोण होतं, हे तिने सवयीप्रमाणे विचारलं नाही. हार्मने टोपीही न काढता, दारातच उभं राहून तिला सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली. "इतकी वर्षं मी ती बिस्किटं खातेय," एवढंच ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली. पुन्हा पुन्हा धूत राहिली. हार्म टेबलाशी बसला. सांगितलं की सुटलो, असं त्याला वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. म्हातारीचा मुलगा काल बेशिस्तीने मेला होता, आज तो हार्मच्या विसरण्याने मेला. मेला तो मेलाच.

चारच्या सुमारास हाक आली. "होल ओव्हर!"

हार्म हलला नाही. आता तर ही येतच राहणार, त्याच्या मनात आलं. या हाकेला मरेपर्यंत निघायचं, की आजपासून कान बंद करून घ्यायचे? पुन्हा आली. तो टेबलाकडे बघत बसून राहिला.

विब्के दारात आली. "ऊठ हार्म," ती म्हणाली. "मलाही ऐकू आली."

मेटा क्रूझ धक्क्याच्या अगदी कडेला उभी होती. थंडीने तिचं नाक लाल झालं होतं, डोळेही लाल होते. हार्मने तराफा लावला आणि आकडा हातात घेऊन उभा राहिला.

"सुताराला मी नाव देणार आहे," ती म्हणाली. "आणि दरवर्षी तुमची माफी मागितली, ती मी परत घेते. एकूण एक."

हार्मने कोटाच्या आतल्या खिशातून चिठ्ठ्या काढल्या. कडा झिजलेल्या, सगळ्या तिथेच होत्या. तिने त्या घेतल्या, पिशवीत ठेवल्या, पिशवीचं बक्कल लावलं.

"बस अजून येत नाही आणि माझे पाय गारठलेत. तुमची बायको कॉफी देईल का?"

"देईल."

तरी ती चढली नाही. धक्का आणि तराफा यांच्यामध्ये वीतभर काळं पाणी होतं. तिने पिशवी दोन्ही हातांत धरली, ताठ उभी राहिली, आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "एक माणूस वर येऊ का?"

हार्मने तिच्याकडे बघितलं, चेहऱ्याकडे, मग पायांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"हो."

"मग मी येईपर्यंत थांबा," ती म्हणाली.

गुडघे दुखत होते तिचे. तिने आधी पिशवी आत ठेवली, मग कठडा धरला, मग एक पाय टाकला आणि मध्येच दम खायला थांबली. तिला काही घाई नव्हती. तिचा दुसरा पाय फळ्यांवर टेकेपर्यंत हार्मने साखळीला हात लावला नाही.